उजळणी कधी करायची आणि कशाची?

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची वही माझ्यासमोर होती. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाच्या नोट्स, पिवळ्या, हिरव्या आणि गुलाबी हायलायटरने रंगवलेल्या. "चार वेळा वाचून झालंय, सर," ती म्हणाली. मी वही मिटली आणि विचारलं, "सार्वजनिक सभा कोणत्या वर्षी स्थापन झाली?" तिला पान आठवलं, पानावरची जागा आठवली, त्या ओळीला कोणता रंग दिला होता तेही आठवलं. वर्ष मात्र आठवेना. वही उघडताच ती कळवळून म्हणाली, "१८७०! माहीत होतं हो मला!" ती खोटं बोलत नव्हती. समोर दिसल्यावर ओळखता येणं आणि समोर काही नसताना आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडचा बराचसा अभ्यास पहिलं काम जमलं की थांबतो, आणि परीक्षा दुसऱ्या कामाची असते.

हे दुसरं काम रोज थोडं थोडं करून घेण्यासाठी गेल्या वीसेक वर्षांत फ्लॅशकार्डांची ऑनलाइन साधनं आली. क्विझलेट, अंकी, मेमराइज, ब्रेनस्केप, रेमनोट ही त्यांतली ठळक नावं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि मधल्या काही क्षणांत ताणली जाणारी स्मृती, एवढाच सगळ्यांचा गाभा. मी स्वतः बरीच वर्षं अंकी वापरतो आहे, विद्यार्थ्यांना बाकीची साधनं वापरताना जवळून पाहिलं आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. उजळणी कधी करायची हा प्रश्न या साधनांनी उत्तम सोडवला आहे. कशाची करायची हा प्रश्न त्यांनी सोडवलेला नाही, आणि तो त्यांनी सोडवावा अशी अपेक्षाही करू नये. साधन निवडताना आणि वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे होतात.

आधी 'कधी'चं पाहू, कारण तिथे शास्त्र भक्कम आहे.

माणूस किती वेगाने विसरतो याचं पहिलं काटेकोर मोजमाप केलं हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये त्याने प्रयोग केले ते स्वतःवरच. अर्थ असलेले शब्द जुन्या ओळखीमुळे सहज लक्षात राहतात, म्हणून दोन व्यंजनांच्या मधे एक स्वर अशा सुमारे २३०० निरर्थक जुळण्या त्याने तयार केल्या, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजलं. १८८५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकातले आकडे असे आहेत: वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचतो, एका तासाने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के. २०१५ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हा प्रयोग त्याच पद्धतीने पुन्हा केला, तेव्हाही वक्ररेषा जवळपास तशीच आली. हे आकडे नीट पाहिले तर लक्षात येतं की सगळ्यांत मोठी पडझड पहिल्या तासाभरात होते. एक दिवस ते एक महिना या लांबलचक काळात त्यामानाने फारच थोडं गळतं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, आणि पुढच्या उजळण्या एकमेकींपासून दूर दूर गेल्या तरी चालतात.

दुसरा आधार परीक्षेचा. परीक्षा म्हणजे शिकलेलं मोजायची पट्टी असं आपण समजतो, पण आठवण्याची धडपड हीच शिकण्याची क्रिया आहे. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. त्या मुलीची वही आठवा. चौथ्यांदा वाचून झाल्यावर तिला जो विश्वास वाटला तो पाच मिनिटांनंतरच्या चाचणीचा विश्वास होता.

हा भ्रम फार खोल आहे. नेट कॉर्नेल यांनी २००९ मध्ये थेट फ्लॅशकार्डांवरच प्रयोग केले. मोठ्या गठ्ठ्यातून अंतर ठेवून केलेली उजळणी आणि छोट्या गठ्ठ्याची एका दमात केलेली घोकणी यांची तुलना केली, तर दहापैकी नऊ जणांना अंतर ठेवूनच जास्त आठवलं. तरीही पहिल्या सत्रानंतर ७२ टक्के लोकांचं मत होतं की एका दमात केलेलं जास्त उपयोगी पडलं. त्यामुळे 'मला माझी पद्धत ठाऊक आहे' असं विद्यार्थी म्हणतो तेव्हा मी आता थोडा सावध होतो. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पुराव्यानिशी तपासल्या. त्यांत सर्वांत वर स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोनच पद्धती ठरल्या. हायलायटर आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं.

म्हणजे ज्याला आपण लहानपणापासून उजळणी म्हणतो, तिला शास्त्राचा पाठिंबा आहेच. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर घरोघरी परवचा व्हायचा, पाढे, पावकी, निमकी म्हटली जायची, ती रोज न चुकता होणारी, न बघता आठवण्याची कसरत होती. फक्त तिच्यात एक उधळपट्टी होती. बेचा पाढा पक्का झालेला मुलगाही तो रोज म्हणायचा, आणि एकोणतीसचा कच्चा असलेला मुलगाही तो रोज एकदाच म्हणायचा. पक्क्याला कमी वेळ आणि कच्च्याला जास्त, ही वाटणी कोणी करत नव्हतं.

ही वाटणी पुठ्ठ्याच्या खोक्यात करून दाखवली झेबास्टियान लाइटनर या विज्ञान-पत्रकाराने, १९७२ साली जर्मन भाषेत आलेल्या 'शिकायचं कसं' या विषयावरच्या पुस्तकात. खोक्याला पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की कुठेही असो, परत पहिल्या कप्प्यात येतं. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे हळूहळू जास्त दिवसांनी. इतकंच. याला वीज लागत नाही, नेट लागत नाही. मी पहिला असा डबा केला तो चपलांच्या खोक्याचा, आणि कार्डं होती घरात साठलेल्या लग्नपत्रिकांची. पत्रिकेचा जाड, कोरा मागचा भाग कापला की झकास कार्ड होतं. दहावीच्या मुलामुलींच्या हाती फोन द्यायचा नसेल तर आजही मी पालकांना हाच डबा सुचवतो.

लाइटनरच्या कप्प्यांना गणित दिलं ते पोलंडमधल्या पोझ्नान इथल्या पिओत्र वोझ्निआक या विद्यार्थ्याने. १९८५ साली त्याने कागदावर नोंदी ठेवून स्वतःसाठी उजळणीची अंतरं ठरवली, आणि १९८७ मध्ये सुपरमेमो नावाचा संगणकावर चालणारा कार्यक्रम लिहिला. त्याचं सूत्र सोपं आहे, आणि ते एकदा समजून घेतलं तर ही साधनं जादूची वाटत नाहीत. नवं कार्ड बरोबर आलं की एका दिवसाने विचारायचं, पुन्हा बरोबर आलं की सहा दिवसांनी. त्यानंतर दर वेळी मागच्या अंतराला एका आकड्याने गुणायचं. तो आकडा सुरुवातीला २.५ असतो. कार्ड जड जात असेल तर तो खाली उतरतो, पण १.३ च्या खाली जात नाही. सहज जमलेल्या कार्डाची वाटचाल मग अशी होते: १ दिवस, ६ दिवस, १५, ३८, ९५, आणि पुढे २३८. या अंतरांची बेरीज करून पाहा, ३९३ येते. म्हणजे सहा उजळण्यांत एक वर्ष ओलांडलं. एका उजळणीला दहा सेकंद धरले, तर एक तपशील वर्षभर डोक्यात ठेवण्याची किंमत एक मिनिट. मला हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी वही घेऊन बसलो होतो आणि तो पुन्हा पुन्हा करून पाहिला होता.

अंकी याच सूत्राच्या सुधारित आवृत्तीवर उभं राहिलं. डेमियन एल्म्स या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने जपानी शिकताना ते लिहिलं आणि २००६ मध्ये खुलं केलं. नाव मराठी कानाला अंकांशी नातं सांगणारं वाटतं, पण ते जपानी आहे आणि त्याचा अर्थच 'पाठांतर' असा आहे. संगणकावर ते फुकट आहे, अँड्रॉइडवरचं अंकीड्रॉइडही फुकट आहे, आयफोनसाठी मात्र एकदाच पैसे मोजावे लागतात. ॲपच्या दुकानात नावात 'अंकी' असलेली, पण या मूळ साधनाशी काहीही संबंध नसलेली ॲप्सही सापडतात, तेव्हा उतरवून घेताना नीट पाहा.

२०२३ च्या शेवटी अंकीत एक मोठा बदल झाला. जॅरेट ये या चिनी तरुणाने तयार केलेली एफएसआरएस नावाची नवी पद्धत त्यात आली. जुनं सूत्र सगळ्यांना एकाच साच्यातून सुरुवात करायला लावायचं. नवी पद्धत तुमच्या स्वतःच्या उजळण्यांचा इतिहास तपासते आणि प्रत्येक कार्डासाठी तीन गोष्टींचा अंदाज बांधते: ते मुळात किती अवघड आहे, स्मृती किती टिकाऊ झाली आहे, आणि आज विचारलं तर आठवण्याची शक्यता किती. ही शक्यता तुम्ही ठरवलेल्या पातळीला आली की कार्ड समोर येतं. पातळी सहसा ९० टक्के असते. परीक्षेच्या धास्तीने ती ९७ वर नेण्याचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की अंतरं आक्रसतात आणि रोजची कार्डं भरमसाट वाढतात. शंभरात दहा विसरणं मान्य करून वाचलेला वेळ नव्या गोष्टींना देणं जास्त शहाणपणाचं आहे.

इथेच एक बारीक सूचना. अंकीत उत्तर पाहिल्यावर चार बटणं येतात: पुन्हा, अवघड, ठीक, सोपं. उत्तर आठवलंच नाही तरी 'पुन्हा' दाबायला मन धजत नाही म्हणून अनेकजण 'अवघड' दाबतात. यंत्राच्या लेखी 'अवघड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. असं महिनाभर केलं की त्याचा सगळा अंदाज बिघडतो. विसरलात तर 'पुन्हा' दाबा. तिथे कोणी गुण कापत नाही.

क्विझलेटची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियातल्या अँड्र्यू सदरलँड नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने २००५ मध्ये फ्रेंच शब्दांच्या चाचणीसाठी ते स्वतःपुरतं बनवलं आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. आज जगभरच्या शाळांमध्ये सगळ्यांत ओळखीचं फ्लॅशकार्ड साधन बहुधा तेच आहे. दिसायला देखणं, पाच मिनिटांत शिकता येणारं, आणि वर्गात गट पाडून खेळायला उत्तम. इंग्रजीच्या शिक्षिकेला उद्याच्या तासासाठी वीस शब्दांचा खेळ हवा असेल तर मी डोळे झाकून क्विझलेट सांगेन. पण त्याचा कल उद्याच्या चाचणीकडे आहे, दोन वर्षांनी होणाऱ्या परीक्षेकडे नाही. शिवाय २०२२ मध्ये त्यातल्या शिकण्याच्या आणि चाचणीच्या महत्त्वाच्या सोयी पैसे भरणाऱ्यांपुरत्या मर्यादित झाल्या. कंपनीला पैसे मिळवायचा हक्क आहेच. पण तीन-तीन वर्षं तयारी करणाऱ्या, गावाकडून येणाऱ्या पैशांवर पुण्यात राहणाऱ्या मुलांसाठी हा मुद्दा लहान नाही.

मेमराइज २०१० मध्ये आलं ते स्मृतिस्पर्धा गाजवणाऱ्या एड कुक आणि त्याच्या सहकाऱ्यांकडून, आणि त्याचा भर भाषा शिकण्यावर राहिला. ब्रेनस्केपमध्ये तुम्ही प्रत्येक उत्तराला एक ते पाच असा भरवसा देता आणि त्यावर पुढचा क्रम ठरतो. रेमनोटमध्ये नोट्स लिहिता लिहिताच कार्ड तयार होतं, हे सलग विषय वाचणाऱ्यांना सोयीचं पडतं. ही सगळी कामाची आहेत आणि त्यांपैकी एखादं हाताला बसलं असेल तर अंकीसाठी ते सोडू नका.

एक गोष्ट मात्र कोणतंही साधन घेण्याआधी तपासा: आपली कार्डं बाहेर काढून नेता येतात का? ड्युओलिंगोने २०१६ मध्ये टायनीकार्ड्स नावाचं गोड साधन काढलं आणि २०२० मध्ये ते बंद करून टाकलं. स्मृतीचं काम पाच-दहा वर्षांचं असतं. ज्या साधनातून साध्या तक्त्याच्या रूपात कार्डं उतरवून घेता येत नाहीत, तिथे ती लिहू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अंकी इथे सर्वांत पुढे आहे. तुमची कार्डं तुमच्याच संगणकावर असतात.

आणि कार्डं जगाला दिसणार आहेत की नाही, हेही पाहा. मे २०२१ मध्ये बेलिंगकॅट या शोधपत्रकारितेच्या गटाने दाखवून दिलं की युरोपातल्या तळांवर अण्वस्त्रांची राखण करणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी आपले नियम, खुणा आणि जागा पाठ करण्यासाठी फ्लॅशकार्डं बनवली होती आणि ती अशा संकेतस्थळांवर सगळ्यांना दिसत होती. कुठलाही हॅकर लागला नाही. साध्या शोधात ती सापडली. आपल्या कार्डांत अण्वस्त्रं नसतात, पण नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या कार्डांत रुग्णाचं नाव असू शकतं.

आता 'कशाची'कडे येतो, आणि इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक विद्यार्थी इथेच अडखळून महिन्याभरात साधन सोडून देतात.

नवशिक्याचं पहिलं कार्ड सहसा असं असतं. पुढे: 'सत्यशोधक समाज'. मागे: स्थापना, संस्थापक, उद्देश, कार्य, मुखपत्र, अशी नऊ ओळींची टीप. हे कार्ड विचारल्यावर नेमकं काय आठवायचं? पाच गोष्टी आठवल्या आणि चार राहिल्या तर कोणतं बटण दाबायचं? असं कार्ड दर खेपेला कटकट वाटतं आणि शेवटी माणूस ते नुसतं वाचून पुढे ढकलतो. म्हणजे पुन्हा हायलायटरच. वोझ्निआकने कार्ड लिहिण्याचे वीस नियम मांडले आहेत. त्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा की एका कार्डावर शक्य तितकी छोटी एकच गोष्ट विचारावी. तेव्हा हेच कार्ड फोडा. 'महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज कोणत्या शहरात स्थापन केला?' पुणे. 'कोणत्या वर्षी?' १८७३. 'त्याच वर्षी फुल्यांचं कोणतं पुस्तक प्रसिद्ध झालं?' गुलामगिरी. तिसरं कार्ड दुसऱ्याला आधार देतं. दोन तपशील एकमेकांना बांधले गेले की दोन्ही टिकतात.

पण लहान कार्डांचाही एक त्रास आहे, आणि तो इतिहासात फार जाणवतो. एकसारखी कार्डं एकमेकांत मिसळतात. प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सत्यशोधक समाज, आर्य समाज. चार कार्डं, चार वर्षं, आणि दर वेळी त्यांची अदलाबदल. माझ्या त्या विद्यार्थिनीचं सार्वजनिक सभेचं कार्ड तिने अंकी सुरू केल्यावरही सात-आठ वेळा चुकलं. अंकी अशा कार्डांना 'लीच' म्हणतं, म्हणजे जळू, आणि ठरावीक वेळा चुकल्यावर ते बाजूला काढतं. आम्ही दोघांनी बसून ती चारही वर्षं एका ओळीत लिहिली: १८६७, १८७०, १८७३, १८७५. मग तिच्याच लक्षात आलं, पहिली तीन तीन-तीन वर्षांच्या अंतराने आहेत. प्रार्थना समाज मुंबईत, तीन वर्षांनी पुण्यात सार्वजनिक सभा, आणखी तीन वर्षांनी पुण्यातच सत्यशोधक समाज. आर्य समाज दोनच वर्षांनी, पुन्हा मुंबईत. तिने एक नवं कार्ड केलं: '१८६७ पासून तीन-तीन वर्षांनी उभ्या राहिलेल्या तीन संस्था कोणत्या?' त्यानंतर ती गडबड थांबली. पण खरी गंमत पुढे आहे. चार ओळी एकाखाली एक पाहिल्यावर तिने विचारलं, "सर, आठ वर्षांत एवढ्या सगळ्या संस्था का निघाल्या?" हा प्रश्न कोणत्याही कार्डावर नव्हता आणि कोणत्याही यंत्राने विचारला नसता.

म्हणून तयार डेकबद्दल, म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत तिथल्या परवाना परीक्षेसाठी हजारो कार्डांचे तयार डेक फिरतात आणि ते त्यांना उपयोगी पडतात, कारण त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला आहे आणि ते व्याख्यान ऐकून मगच संबंधित कार्डं उघडतात. आपल्याकडे टेलिग्रामवरून मिळालेला डेक मुलं विषय वाचण्याआधीच सुरू करतात. न समजलेलं पाठ करणं जड जातं आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवला की ते कोसळतं. आधी समजून घ्या, मग कार्ड करा. दुसऱ्याने केलेलं कार्ड म्हणजे दुसऱ्याने वाचताना अडखळलेली जागा. तुमची अडखळण्याची जागा वेगळी असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता पीडीएफ दिली की मिनिटभरात शंभर कार्डं काढून देतात. मी ती वापरून पाहिली आहेत. कार्डं व्याकरणाने नीट असतात, पण महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं सारख्याच उत्साहाने विचारतात, आणि अधूनमधून एखादं साल किंवा नाव पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं देतात. चुकीचं कार्ड हे चुकीच्या वाक्यापेक्षा घातक आहे, कारण त्याची उजळणी होणार आहे आणि ते वर्षानुवर्षं पक्कं होत जाणार आहे. मसुदा म्हणून घ्या, प्रत्येक कार्ड पुस्तकाशी ताडून पाहा, आणि निम्मी काढून टाका. ज्या जागी यंत्राची मदत निर्विवाद आहे ती म्हणजे आकृत्या. नकाशावरची किंवा शरीराच्या आकृतीतली नावं झाकून एकेक विचारण्याची सोय अंकीत आता आतच मिळते. भूगोल आणि जीवशास्त्रासाठी तिला तोड नाही.

एक कबुली द्यायला हवी. दिवाळीत बारा दिवस मी अंकी उघडलं नाही आणि परत आलो तेव्हा सातशेच्या वर कार्डं थांबली होती. साधन सोडण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच असतं. अंकी सुरुवातीला रोज वीस नवी कार्डं देतं. वीस हा आकडा छोटा वाटतो, पण काही आठवड्यांत त्यातून रोजच्या दीडशे-दोनशे उजळण्या उभ्या राहतात. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने पाच-सात नव्या कार्डांवर थांबावं. आणि साठलंच, तर नवी कार्डं पूर्ण बंद करून रोज शंभर अशी जुनी उपसावीत. मला नऊ दिवस लागले. गठ्ठा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नका. उशीर होऊनही जी कार्डं आठवतात ती उलट जास्त पक्की झालेली असतात.

'पण ही घोकंपट्टीच ना?' असं शिक्षक मित्र विचारतात. त्यांची काळजी मला कळते. आपल्या शाळांनी पाठांतराच्या नावाखाली मुलांची उत्सुकता मारली आहे. पण समज आणि स्मरण यांना एकमेकांचे शत्रू समजणं मला पटत नाही. त्या मुलीला 'एवढ्या संस्था का निघाल्या' हा प्रश्न पडला तो चारही वर्षं एका वेळी डोक्यात हजर होती म्हणून. तरीही मर्यादा खरी आहे. निबंध लिहिणं, गणित सोडवणं, मुद्दा मांडणं हे कार्डांनी येत नाही. मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक उत्तरांचा सराव लिहूनच करावा लागतो. दिवसातला अर्धा तास कार्डांना द्या, चार तास देऊ नका.

शेवटी आपल्या भाषेचं. मराठीत ही साधनं चालतात, देवनागरी व्यवस्थित दिसते, पण उत्तर टाइप करून तपासायची सोय वापरली की अडचणी सुरू होतात. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडून, दुसऱ्यावर साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण अक्षर-अक्षर जुळवणाऱ्या यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात आणि बरोबर उत्तराला लाल रंग येतो. '१८७०' आणि '1870' यांचंही तसंच. म्हणून मराठी कार्डांवर उत्तर मनात म्हणा किंवा कागदावर लिहा, आणि निवाडा स्वतः करा.

याहून मोठी उणीव मजकुराची आहे. इंग्रजीतून जपानी किंवा जर्मन शिकायला शेकडो डेक मिळतात. मराठीतून शिकणाऱ्याला हाताशी काही लागत नाही. आणि एक गरज तर अगदी समोर आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी विज्ञानाला इंग्रजीत जातात, तेव्हा त्यांना विज्ञान येत असतं, शब्द येत नसतात. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया, विद्राव्यता म्हणजे सोल्युबिलिटी. हुशार मुलं पहिले तीन-चार महिने या शब्दांत अडकून मागे पडतात आणि आपल्यालाच काही येत नाही असं समजू लागतात. फ्लॅशकार्ड ज्या कामासाठी जन्मलं ते हेच काम आहे. छोटा प्रश्न, एक उत्तर, मर्यादित यादी. चार-पाचशे शब्द, रोज दहा, दहावीची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीतल्या दोन महिन्यांत पुरे होतील.

ही यादी एकट्याने करायची गरज नाही. भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाने शंभर शब्द, रसायनाच्या एका शिक्षिकेने शंभर, जीवशास्त्राच्या एकाने शंभर, असं साध्या तक्त्यात दोन रकान्यांमध्ये लिहिलं तरी तो तक्ता अंकीत जसाच्या तसा उतरतो. विज्ञान शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना माझी विनंती आहे की येत्या मार्चच्या आधी आपल्या विषयाचे शंभर शब्द लिहून काढावेत, तपासावेत, आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येतील असे ठेवावेत.